पंचामृतातलं लॉक

खंडेनवमीच्या सकाळी सासूबाई जिना चढून वर आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "हेमा, मध आहे का गं? खाली अभिषेकाला कमी पडलाय."

मी पुरण घाटत होते. घर वर आणि प्रेस खाली, अशी आमची बार्शीतली जागा. खंडेनवमीला देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा खाली न्यायची आणि यंत्रांबरोबर तिचीही पूजा करायची, अशी घरची पद्धत. त्यामुळे अभिषेक तिलाच असणार हे मी धरून चालले आणि मधाची बाटली दिली. अभिषेक कुणाला, असं विचारायचं कुणाला सुचतं?

नैवेद्याचं ताट घेऊन खाली गेले तर अन्नपूर्णा बाजूच्या पाटावर कोरडी बसली होती. ताम्हनात दूध, दही, तूप, मध, साखर आणि त्यांच्या मधोमध आमच्या सॉफ्टवेअरचं लॉक. आण्णा डोळे मिटून त्यावर पळीपळीने पाणी सोडत होते आणि अथर्वशीर्ष म्हणत होते.

ज्यांनी हे प्रकरण पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. लॉक म्हणजे काडेपेटीएवढी एक प्लास्टिकची डबी. कॉम्प्युटरच्या पाठीमागे जिथे प्रिंटरची वायर लावायचे, तिथे ती बसवायची. ती बसलेली असली की 'लेखनराज' हे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर चालणार, काढली की बंद. 'लेखनराज'मध्ये टाइप केलेला मजकूर 'लेखनराज'मध्येच उघडायचा. दुसरीकडे उघडला तर मराठीच्या जागी नुसते किडेमकोडे दिसायचे.

आण्णा म्हणजे माझे सासरे, विश्वंभर बुरगुटे. साप्ताहिक 'खणखणाट'चे संपादक, मुद्रक, प्रकाशक, आणि अंक टाकणारा दांडी मारायचा त्या आठवड्यात सायकलवरून अंक टाकणारेही तेच. त्या उन्हाळ्यात त्यांनी प्रेसमधले शिशाचे सगळे खिळे, म्हणजे आयुष्यभर ज्यांनी अक्षर अक्षर जुळवलं ते टाइप, मोडीत काढले आणि त्या पैशांत 'लेखनराज' घेतलं. छपाईचं ट्रेडल मशीनही गेलं, छपाई आता बाहेरून व्हायची. माझा नवरा नंदू शाळेत मास्तर, पण टायपिंगला मी होतेच. लग्नाआधी मी पुण्यात डी.टी.पी.चा कोर्स केला होता, आणि मला पसंत करण्यामागे माझ्या रूपाचा वाटा किती आणि त्या सर्टिफिकेटचा किती, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही.

"आण्णा, हे काय केलंत?" मी म्हणाले.

आण्णांनी हातानेच थांब म्हणून खूण केली. फलश्रुती संपवली, मग डोळे उघडले.

"हत्यार धुऊन मग पूजा करायची असते. काल तूच भांडलीस, कॉम्प्युटरला पाणी लावायचं नाही म्हणून. नाही लावलं."

"पण लॉकला लावलंत."

"आपण विकत काय घेतलं? कॉम्प्युटर नंदूच्या शाळेतला जुना. सीडी म्हणे कितीही मिळतील. कंपनीच्या नेवासकरांनी या डबीवर बोट ठेवून सांगितलं, आण्णा, सॉफ्टवेअर म्हणजे हे, हे आता तुमचं झालं, जपा. मग आपलं हत्यार कुठलं?"

इतका बिनतोड विचार करणारा माणूस कॉम्प्युटरजवळ फिरकू देऊ नये, एवढंच मनात आलं. सासूबाईंनी लॉक पदराला पुसलं आणि गच्चीवर मिरच्यांशेजारी वाळत घातलं.

दसरा झाला, सोनं लुटून झालं. दुसऱ्या दिवशी मी लॉक जागेवर बसवलं आणि कॉम्प्युटर लावला. पडद्यावर अक्षरं आली की लॉक सापडत नाही. मी काढून पुन्हा बसवलं. सुईने साखर टोकरली, स्पिरिटचा बोळा फिरवला. लॉक माझ्या बोटांना चिकटत होतं, पण कॉम्प्युटरला काही सापडत नव्हतं.

एरवी आठवडाभर प्रेस बंद राहिला असता तर गावाने मोकळा श्वास घेतला असता. पण तेव्हा कॉम्प्युटरच्या आत 'खणखणाट'चा दिवाळी अंक होता. रौप्यमहोत्सवी. जूनपासून टाइप केलेल्या कथा, लेख, परिसंवाद, शिवाय साखर कारखान्याच्या चेअरमनपासून भेळवाल्यापर्यंत सगळ्यांच्या शुभेच्छांच्या जाहिराती. कवितांचं मला फारसं दुःख नव्हतं. पण आण्णांचा दिवाळी अंक आजवर एकदाही दिवाळीनंतर आलेला नव्हता. पहिल्या वर्षी घरात मयत असतानाही आला होता. दिवाळी संपल्यावर कुणाला शुभेच्छा छापून द्यायच्या? आणि गावात तोंड कसं दाखवायचं? दसऱ्यापासून दिवाळी अंकापर्यंत साप्ताहिक बंद असायचं, एवढंच काय ते नशीब.

कंपनीचे सोलापूरचे प्रतिनिधी पराग नेवासकर फोन केल्यावर आले. हसतमुख माणूस, खिशाला तीन पेनं. त्यांनी लॉक हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि नाकाजवळ नेलं.

"आण्णा, याला तुपाचा वास येतोय."

"घरचं तूप आहे," सासूबाई म्हणाल्या.

मग नेवासकरांनी सांगायला सुरुवात केली. लॉक दुरुस्त होत नाही, कारण ते उघडलं की मरतं, तशीच त्याची रचना आहे. मग दुसरं लॉक द्या, आम्ही डबीचे पैसे देतो, असं मी म्हणाले. त्यावर ते म्हणाले की नुसतं लॉक कंपनी विकत नाही. लॉक हरवलं किंवा ग्राहकाने बिघडवलं तर सॉफ्टवेअर नव्याने घ्यायचं, पूर्ण किमतीला.

आण्णा शांतपणे ऐकत होते. संतापले की ते आधी शांत व्हायचे.

"म्हणजे किल्ली हरवली तर घर पुन्हा विकत घ्यायचं?"

"घर तुमचं नाही ना आण्णा," नेवासकर म्हणाले, अगदी समजुतीच्या सुरात. "घर कंपनीचं. तुम्हाला फक्त राहायची परवानगी दिलीय."

"मग बिलावर विक्री असं का लिहिलंय? विक्रीकर कशावर लावला?"

"ते बिलाचं झालं. अटी वेगळ्या असतात. तुम्ही मान्य केल्यात त्या."

आपण कधी मान्य केल्या ते आण्णांना आठवेना. नेवासकरांनी खुलासा केला. सीडीचं पाकीट फाडलं की अटी मान्य झाल्या असं धरतात. आणि अटी कुठे आहेत? तर पाकिटात. इंग्रजीत. म्हणजे वाचायच्या तर पाकीट फाडायचं, आणि फाडलं की वाचून उपयोग नाही. आमच्या गावात जमिनीचे व्यवहार करणारी एकेक नामचीन माणसं आहेत, पण ही अक्कल त्यांच्यापैकी एकालाही सुचलेली नव्हती.

चहा झाला. आण्णा आत गेले तसे नेवासकर माझ्याकडे झुकले आणि हळूच म्हणाले की चांदण्यांकडे जा, त्यांच्याकडे 'लेखनराज' लॉकशिवाय चालतं.

नेमके आण्णा दारात उभे होते.

"चांदण्याकडे? त्याचं लॉक कुठे गेलं?"

"त्यांनी घेतलंच नाही कधी. लॉक तोडलेली सीडी आहे त्यांच्याकडे. सगळ्यांकडे तीच आहे." नेवासकरांचा चेहरा दुखवट्याला आल्यासारखा झाला. "तालुक्यात विकत घेतलेले तुम्ही एकटेच आहात आण्णा."

वसंतराव चांदणे म्हणजे 'तालुका तोफ'चे संपादक. आण्णांचं आणि त्यांचं हाडवैर. दोघांनी एकमेकांवर लिहिलेले अग्रलेख एकत्र केले असते तर दोन दिवाळी अंक निघाले असते. ज्याने चोरलं त्याच्या दाराला कुलूप नाही आणि ज्याने पैसे मोजले तो दाराबाहेर, हे त्या दुपारी आण्णांच्या जिव्हारी लागलं. ते एवढंच म्हणाले की चोरीचा माल या प्रेसमध्ये येणार नाही, आणि नेवासकरांना सोडायला दारापर्यंतही गेले नाहीत.

नंतरचे दिवस घरात सुतक असल्यासारखे गेले. कोजागिरीचं दूध आटवलं, पण कुणी गच्चीवर गेलं नाही. सासूबाईंनी मनाला लावून घेतलं की सगळं मधामुळे झालं आणि मध त्यांनीच नेला होता. मी नंदूला म्हणाले की गुपचूप ती सीडी आणू, आण्णांना काय कळतंय. नंदू म्हणाला, "कळणार नाही, पण विचारतील." तेही खरं होतं. जाहिरातदार येऊन अंक कुठवर आला ते विचारायचे आणि आण्णा 'चाललंय' म्हणायचे. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे ते म्हणतानासुद्धा त्यांचे कान लाल व्हायचे.

एकदा मी खाली गेले तर ते खिळ्यांचे खण ठेवायच्या रिकाम्या घोड्यांपुढे उभे होते. लाकडी खण तसेच होते. 'क' कुठे, 'ख' कुठे, सगळं खणांवर लिहिलेलं, आत फक्त धूळ. माझी चाहूल लागली तरी त्यांनी वळून पाहिलं नाही.

"खिळे जुने झाले होते," ते म्हणाले. "'र' तर पार झिजला होता. पण छापताना कुणाला विचारावं लागत नव्हतं."

मला त्यांचा राग येत होता, लॉकला आंघोळ घातली म्हणून. पण त्यांनी स्वतःचं देऊन जे घेतलं होतं, ते त्यांचं झालंच नव्हतं.

सुटका झाली ती भलत्याच माणसामुळे. ॲडव्होकेट गुंजोटे नेहमीप्रमाणे एका जमिनीच्या खरेदीची जाहीर नोटीस घेऊन आले. दिवाळी अंकातच टाका, लोक जपून ठेवतात, असं म्हणून कागद ठेवून गेले. अशा नोटिसा आण्णांनी जन्मभर छापल्या होत्या. झोपेतही त्यांना त्या पाठ होत्या. पण त्या दिवशी त्यांनी तो कागद पहिल्यांदाच वाचल्यासारखा वाचला. मग टोपी घातली, चपला शोधल्या.

"सूनबाई, चल. चांदण्याकडे जायचंय."

"चोरीचा माल आणायला?"

"माझा चोरीला गेलेला माल चांदण्याकडे सापडलाय. ओळख पटवायला जायचंय."

चांदण्यांनी आम्हाला पाहिलं आणि त्यांचा चष्मा नाकावरून घसरला. वैरी आपल्या पायांनी दारात आला, याहून मोठा दिवाळी बोनस संपादकाला कुठला? त्यांनी खुर्ची झटकली, चहा सांगितला, भजी सांगितली. आण्णांनी काहीही न लपवता, ताम्हनासकट, सगळी हकिकत सांगितली. चांदणे हसले नाहीत. मिशीआड काय चाललं होतं ते देव जाणे. त्यांनी ड्रॉवरमधून सीडी काढून आण्णांपुढे ठेवली.

"घ्या. फुकट. तशीही तुमचीच म्हणायची."

"तुम्हाला कधी भीती वाटली नाही? कंपनी येईल, काढून घेईल?"

"मी कधी म्हटलं माझं आहे म्हणून?" चांदणे म्हणाले. "तुम्ही पैसे दिले, पत्ता दिला, सही दिली. त्यांना तुमचंच दार माहीत आहे. माझं कुणालाच माहीत नाही. बुरगुटे, प्रामाणिक माणसाला धरणं फार सोपं असतं."

आण्णांनी सीडी पिशवीत टाकली आणि ते उठले. भजी तशीच राहिली. दाराशी त्यांनी मागे वळून चांदण्यांना नमस्कार केला, आणि माझ्या माहितीत त्या दोघांतला तो पहिला आणि शेवटचा नमस्कार.

त्या सीडीवर 'लेखनराज' एका झटक्यात सुरू झालं. विकतच्यापेक्षा लवकर उघडायचं, कारण लॉक शोधायला थांबायचं काम नव्हतं. अंक पूर्ण झाला. सगळ्यात शेवटी आण्णांनी मला एक मजकूर हाताने लिहून दिला आणि म्हणाले की हा पान तीनवर, चौकटीत, चेअरमनसाहेबांच्या शुभेच्छांच्या वर. मी वाचला आणि दोनदा विचारलं, नक्की ना? धनत्रयोदशीला अंक बाजारात आला तेव्हा बार्शीने तो वाचला:

'जाहीर नोटीस. तमाम लोकांस कळविण्यात येते की, 'खणखणाट' मुद्रणालयाचे मालक वि. ना. बुरगुटे यांनी 'लेखनराज' नावाचे सॉफ्टवेअर रोख मोबदला देऊन कायम खरेदी केलेले आहे. सदर सॉफ्टवेअरचे लॉक पूजेत निकामी झाले असून विक्रेत्याने दुसरे देण्यास नकार दिलेला आहे. सबब खरेदीदार हे आपले मालकीचे घरात खिडकीतून शिरलेले आहेत. सदर मिळकतीवर अन्य कोणाचा हक्क, बोजा अगर हितसंबंध असल्यास त्यांनी पंधरा दिवसांचे आत लेखी पुराव्यानिशी कळवावे. अन्यथा तसा हक्क कोणाचाही नाही, व असल्यास तो त्यांनी सोडून दिलेला आहे, असे समजण्यात येईल.'

त्या अंकाची एक प्रत आण्णांनी कंपनीला रजिस्टर पोस्टाने पाठवली. वर दिवाळीच्या शुभेच्छा. 'तालुका तोफ'ने ताबडतोब अग्रलेख लिहिला, 'खिडकीतले संपादक'. सीडी कुणी दिली हे मात्र त्यात नव्हतं, आणि आण्णांनीही ते शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

कंपनीचं उत्तर वकिलाकडून आलं, जाड कागदावर, इंग्रजीत. सॉफ्टवेअर चोरल्याचा आरोप आमच्यावर होता. विकत घेतलेल्या एकुलत्या एक माणसावर. आण्णांनी ते पत्र माझ्याकडून मराठीत वाचून घेतलं आणि सोलापूरच्या ग्राहक मंचात तक्रार ठोकली. मग तारखा सुरू झाल्या. कधी कंपनीचा वकील यायचा नाही, कधी कोरम नसायचा. आण्णा प्रत्येक तारखेला इस्त्रीचं धोतर नेसून एस.टी.ने जायचे. गावात लोक त्यांना 'काय आण्णा, घर मिळालं का?' असं विचारू लागले. ते 'मिळेल' म्हणायचे, आणि आता त्यांचे कान लाल होत नव्हते.

शेवटच्या सुनावणीला मी बरोबर होते. कंपनीचा वकील तरुण होता, टाय लावलेला. त्याने पाऊण तास एकच गोष्ट सांगितली की कंपनीने तक्रारदाराला काहीही विकलेलं नाही, फक्त वापराचा परवाना दिला, तोही अटींवर, आणि पाकीट फाडून तक्रारदाराने त्या अटी मान्य केल्या. वर लॉक दह्यादुधात बुडवलं. हे म्हणताना त्याला हसू आवरेना आणि मागे बसलेली माणसंही हसली. आण्णा ताठ बसून होते.

अध्यक्षबाईंनी आण्णांना विचारलं की पाकीट त्यांनी फाडलं का.

"नाही बाई. नेवासकरांनी फाडलं."

"कंपनीच्या प्रतिनिधीने? कशावरून?"

"दातांनी फाडलं. त्यांच्या एका हातात पेढा होता. खरेदीचा पेढा आम्हीच दिला होता."

नेवासकर मागच्या बाकावर बसलेले होते. अध्यक्षबाईंनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं, आणि ते उभे राहून म्हणाले की हो, पेढा होता. मग हशा दुसऱ्या बाजूने झाला. बाईंनी वकिलाला विचारलं की विकलं नव्हतं तर पेढा कशाचा खाल्ला? त्याच्याकडे त्यावर कुठलीच अट नव्हती.

निकाल आमच्या बाजूने लागला. कंपनीने तक्रारदारास विनामूल्य नवीन लॉक द्यावे. आण्णांनी तो निकाल 'खणखणाट'च्या पहिल्या पानावर छापला, मथळा लाल शाईत. कंपनी वर अपिलात गेली, तिथेही हरली, आणि मग स्वस्थ बसून राहिली. पुन्हा अर्ज, पुन्हा तारखा, त्यात वर्षं गेली.

लॉक आलं तेव्हा माझा मुलगा आण्णांना मोबाइलवर मराठी लिहायला शिकवत होता. नवरात्र चालू होतं. कुरिअरच्या खोक्यात थर्माकोल, त्यात प्लास्टिक, त्यात तीच काडेपेटीएवढी डबी. आण्णांनी कात्री मागितली, पण उघडण्याआधी खोक्याच्या सहाही बाजू वाचून घेतल्या. आता ते थकले होते. त्यांनी लॉक डोळ्यांजवळ धरून पाहिलं, मग माझ्या हातात दिलं.

"लाव."

मी कॉम्प्युटरच्या मागे वाकले. मला माहीत होतं, तरीही वाकले. तो कॉम्प्युटर केव्हाच गेला होता, त्याच्यानंतरचाही गेला होता. नव्याला मागे तसल्या लॉकची जागाच नव्हती, आणि बाजारातही तसला कॉम्प्युटर कुणी ठेवत नव्हतं. आम्ही वापरत होतो ते 'लेखनराज'सुद्धा आता महिन्याच्या भाड्यावर होतं. पहिल्या तारखेला भाडं गेलं नाही की दुसऱ्या तारखेला बंद. चांदणे वारले, पण त्यांच्या पोराच्या दुकानात जुन्या कॉम्प्युटरवर ती फुकटची सीडी अजून चालते, असं ऐकून होते.

"आण्णा, हे कुठेच बसत नाही आता," मी म्हणाले.

आण्णांनी डबी परत घेतली आणि ते ती तळहातावर घेऊन बसले. मला वाटलं, आता हे रडतात. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं होतं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. सकाळी खाली गेले तर आण्णा पाटावर बसलेले. कॉम्प्युटर कोपऱ्यात, त्याला ना फूल, ना हळद. भाड्याच्या हत्याराची पूजा करत नाहीत, असं त्यांनी सासूबाईंना सांगितलं म्हणे. समोर ताम्हन, ताम्हनात लॉक. मला पाहून त्यांनी पळी खाली ठेवली आणि विचारलं, "कुठेच बसत नाही ना हे? नक्की?"

"नक्की."

"कुणी परत मागणार नाही?"

"नाही. कोर्टाचा निकाल आहे. तुमचं आहे ते."

"बरं," आण्णा म्हणाले. "मग धुवायला हरकत नाही."

मी वर गेले आणि मधाची अख्खी बाटली घेऊन खाली आले.